चातुर्मासाचा नेम : कॉलेजच्या मुलांचा मिताहार

।। श्री सद्गुरवे नमः ।।



आषाढी एकादशी झाली, चातुर्मास लागला. याच दिवसांत आपली मुलं कॉलेजच्या नव्या वर्षाला लागतात. कुणी निपाणीहून पहाटेची बस धरून बेळगावला अप-डाऊन करतं, कुणी टिळकवाडीत पीजीला राहतं, कुणाला कोल्हापूर नाहीतर हुबळीत हॉस्टेल मिळतं. कुणी अर्जुननगरच्या देवचंद कॉलेजात जातं, म्हणजे घर कर्नाटकात आणि वर्ग महाराष्ट्रात. गाव कुठलंही असो, एक गोष्ट सगळ्यांच्या वाट्याला येते. पहिल्यांदाच आपलं ताट आपणच ठरवायचं असतं. "जेवलास काय?" म्हणून विचारायला आई शेजारी नसते आणि "अजून एक घे" म्हणायला आज्जीही नसते. म्हणून या महिन्याच्या चिंतनाला आम्ही भगिनींनी मिताहार हा विषय घेतला आहे.

सत्संगानंतर आया आमच्यापाशी दोन तक्रारी घेऊन येतात. पहिली, "पोरगं कॉलेजला गेलं आणि सुटलं, पँटी बसेनात." दुसरी, "पोरगी काही खाईचना, सारखी वजनकाट्यावर उभी." ऐकताना ही दोन टोकं वाटतात. भगवंतांनी मात्र दोन्हींना एकाच ठिकाणी उत्तर दिलं आहे. गीतेच्या सहाव्या अध्यायात, सोळाव्या श्लोकात ते अर्जुनाला सांगतात की जो फार खातो त्याला योग साधत नाही आणि जो मुळीच खात नाही त्यालाही साधत नाही. जो फार झोपतो त्याला नाही आणि जो जागरणं करतो त्यालाही नाही. पुढच्याच श्लोकात ते खाणं, फिरणं, काम, झोप आणि जाग, सगळंच बेतात ठेवायला सांगतात. मुलांनो, नीट बघा. परीक्षेच्या आदल्या रात्रीची गोष्टसुद्धा यात आली!

ही दोन टोकं आपल्या देशात शेजारी शेजारी आहेत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी २४ टक्के जणींचं वजन जास्त निघालं आणि १८.७ टक्के जणींचं गरजेपेक्षा कमी निघालं. म्हणजे मधला रस्ता दोघींनाही हवा आहे.

वजन वाढतं कसं?

मुलं म्हणतात, "काकू, आम्ही जेवतोच कुठं? तरी वजन वाढतंय." त्यांचं खरं असतं. ताटातलं जेवण कमी होतं आणि ताटाबाहेरचं खाणं वाढतं. साधा हिशोब करू या. चहात दोन चमचे साखर आणि दिवसाला चार कप. चमचा पाच ग्रॅमचा धरला तर दिवसाला ४० ग्रॅम आणि महिन्याला १२०० ग्रॅम झाले. जवळजवळ सव्वा किलो साखर, तीही नुसत्या चहातून! जागतिक आरोग्य संघटना वरून घेतलेली साखर दिवसाला शक्यतो २५ ग्रॅमच्या आत ठेवायला सांगते. कोल्ड्रिंकची २५० मिलीची एक बाटली प्यायली की तेवढी साखर एकदमच पोटात जाते.

त्यात बेकरीचा पफ, खारी, क्रीम रोल आणि संध्याकाळी गाड्यावरचं लालभडक गोबी मंचुरियन. तो लाल रंग कसला, हेही कळायला हवं. तपासणीत घातक रंग सापडले म्हणून मार्च २०२४ मध्ये कर्नाटक सरकारने गोबीत कृत्रिम रंग घालायला बंदी केली. बेळगावचा कुंदा आणि गोकाकचा करदंट म्हणजे आपला अभिमान. पण कुंदा सणाला, पाहुण्यांबरोबर, वाटीभर खावा. खोलीत डबा ठेवून वाचता वाचता संपवायची ती वस्तू नव्हे.

जागरणाचंही तसंच आहे. झोप कमी पडली की भूक लावणारं संप्रेरक वाढतं आणि पोट भरल्याची खूण देणारं कमी होतं. म्हणूनच रात्री एक वाजता कुणाला काकडी खावीशी वाटत नाही, चिप्सच आठवतात. हातात मोबाइल असला की किती खाल्लं तेही कळत नाही. पोट भरल्याचा निरोप मेंदूला पोचायला साधारण वीस मिनिटं लागतात, आणि रील बघत आपण सात मिनिटांत ताट रिकामं केलेलं असतं.

दुसरं टोक

आता जरा नाजूक गोष्ट. आपल्या एका भगिनीची लेक बी.एस्सी.ला बेळगावात राहते. तिच्या परवानगीनं लिहितो आहोत, नाव घेत नाही. एका लग्नात कुणीतरी सहज म्हणालं, "काय गं, बेळगावचं पाणी मानवलं वाटतं!" सगळे हसले, तीही हसली. दुसऱ्या दिवसापासून तिनं सकाळचं खाणं सोडलं, मग रात्रीचं जेवणही. दिवाळीला घरी आली तेव्हा केसांचे पुंजके गळत होते, पाळी दोन महिने आली नव्हती आणि फराळाच्या ताटाकडे बघून तिला रडू येत होतं. डॉक्टरांनी रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन आठवर. सावरायला तिला वर्ष लागलं.

हे एक वाक्य केवढ्याला पडलं बघा. तैत्तिरीय उपनिषदात अन्नाची निंदा न करणं हे व्रतच सांगितलं आहे, आणि अन्नालाच ब्रह्म म्हटलं आहे. मग त्या अन्नावर पोसलेल्या देहाची चारचौघांत थट्टा करणं, ही कुठली भक्ती? आपण मंदिरात पायरीला हात लावून नमस्कार करतो आणि घरात चालत्या-बोलत्या मंदिराला "जाडी", "लुकडी", "ढोली" म्हणतो. गुरुबंधूंनो, हा शब्दांचा उपवास आपण मोठ्यांनीच धरायला हवा.

मुलींना एक सांगतो. वजनाची भीती पुष्कळदा वजनापेक्षा मोठी असते. अमेरिकेत असा समज आहे की कॉलेजच्या पहिल्या वर्षी १५ पौंड, म्हणजे जवळजवळ सात किलो वजन वाढतंच. संशोधकांनी खरंच मोजून पाहिलं तेव्हा सरासरी वाढ तीन पौंडांच्या आसपास, म्हणजे दीड किलोच्या आतबाहेर निघाली. एवढ्यासाठी उपाशी राहायचं कारण नाही. सवय थोडी बदलली तरी पुरतं.

मग खायचं काय?

बाजारातलं डाएटचं महागडं पाकीट लागत नाही. आपल्या सीमाभागाचं साधं जेवणच पुरेसं आहे. ज्वारीची भाकरी, मेथी, शेपू किंवा अंबाडीची भाजी, मटकीची नाहीतर हुलग्याची उसळ, कारळ्याची किंवा जवसाची चटणी, कांदा आणि ताक. यात चोथा आहे, प्रथिनं आहेत, आणि पोट लवकर रिकामं होत नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनात ताटाचा अर्धा भाग भाज्या आणि फळांचा असावा असं सांगितलं आहे. आपल्याकडे अर्ध्याहून जास्त ताट भाताचं आणि चपात्यांचं असतं, तेवढं उलटं करायचं. जिमला जाणाऱ्या मुलांनीही ऐकावं. प्रोटीन पावडरच्या डब्यांपासून लांब राहा, असं याच मार्गदर्शनात म्हटलं आहे. वाटीभर उसळ, मूठभर शेंगदाणे, डाळ, दूध-दही हे आपल्या हातातलं आहे.

मेसमध्ये निवड नसते हे आम्हाला ठाऊक आहे. तरी पातळ आमटीबरोबर डाळीचा घट्ट भाग मागून घेता येतो. पापड-लोणच्याऐवजी काकडी, गाजर, टोमॅटो स्वतः नेता येतात. खोलीत बिस्किटांऐवजी फुटाणे आणि केळी ठेवता येतात. सकाळी वाटीभर उप्पीट किंवा पोहे नाहीतर दोन इडल्या खाल्ल्या की अकराला पफची आठवण येत नाही.

आणि एकादशी! "एकादशी, दुप्पट खाशी" ही म्हण उगाच आली नाही. साबुदाणा म्हणजे जवळजवळ सगळा स्टार्चच, त्यात वडा तळलेला. उपवास करायचा तर फळं, दूध, ताक, भगर आणि मूठभर दाणे बरे. ज्यांना अशक्तपणा आहे त्यांनी उपवासाऐवजी नाम घ्यावं. त्यानं व्रत मोडत नाही.

अंगमेहनतीचं महत्त्व या भूमीला वेगळं सांगायला नको. बाराव्या शतकात बसवण्णांनी कायक आणि दासोह शिकवला : देह कष्टवून मिळवायचं आणि वाटून खायचं. आता मुलींना राज्याच्या बसमध्ये तिकीट नाही, म्हणून दोन स्टॉपसाठीसुद्धा बसची वाट बघितली जाते. तेवढं चाला की! आठवड्याला दीडशे मिनिटं, म्हणजे पाच दिवस रोज अर्धा तास भरभर चालणं पुरतं.

चातुर्मासाचे पाच नेम

चातुर्मास चार महिन्यांचा. कॉलेजचं एक सेमिस्टरही साधारण तेवढंच. यातला जो जमेल तो एकच नेम धरा, पण कार्तिकीपर्यंत सोडू नका.

१. सकाळचं खाणं चुकवायचं नाही.
२. चहात एकच चमचा साखर, आणि कोल्ड्रिंक बंद.
३. जेवताना मोबाइल लांब. आधी हात जोडायचे, मग सावकाश चावून खायचं. पोटाचा चौथा भाग रिकामा ठेवायचा. हठयोगप्रदीपिकेतली मिताहाराची व्याख्याही हीच आहे.
४. रात्रीचं जेवण नऊच्या आत, आणि निदान सात तास झोप.
५. वजन रोज करायचं नाही. महिन्यातून एकदा पुरे.

आई-वडिलांसाठी दोनच नेम. फोनवर "वजन किती?" असं विचारू नका, "आज काय जेवलास? कुणाबरोबर जेवलास?" असं विचारा. आणि शनिवारी मूल घरी आलं की तीन दिवसांचं प्रेम एका ताटात वाढू नका. जाताना लाडवांच्या डब्याबरोबर चटणी, भाजलेले दाणे आणि चार पेरूही द्या.

एक मात्र ध्यानात ठेवा. वजन एकाएकी वाढलं किंवा उतरलं, पाळी चुकू लागली, मूल जेवून उलटी करतं किंवा ताटाला भितं असं दिसलं, तर अंगारा-नेमाच्या भरवशावर थांबू नका. डॉक्टरांकडे न्या. थायरॉइड, पीसीओडी, रक्त कमी असणं, मनाचं दुखणं, या सगळ्यांवर औषध आहे. वैद्याकडं जाण्यानं श्रद्धा कमी होत नाही.

प्रसाद घेताना आपण कसा घेतो? ओंजळ पुढं करून, थोडाच, आणि सांडू न देता. नाकारतही नाही आणि दोनदा रांगेतही उभं राहत नाही. आपल्या मुलांना रोजचं जेवणही तसंच घेता येऊ दे, एवढीच सद्गुरूंच्या चरणी प्रार्थना.

हा लेख आपल्या घरच्या ग्रुपवर जरूर पाठवा. पण कुणा एका मुलीला उद्देशून पाठवू नका, सगळ्यांना मिळून पाठवा.

श्री सद्गुरुचरणार्पणमस्तु.

— आपल्या सेविका भगिनी, निपाणी-बेळगाव