आधी एकट्याचं खळं

वसमतकडच्या एका गावात एक म्हातारी होती. घरचे तिला आजी म्हणत, गाव माय म्हणे. येलदरी-सिद्धेश्वरचं पाणी कालव्यानं शिवारात आलेलं, म्हणून गावात हळद. हळद नऊ महिने जमिनीत असते. मग ती काढायची, शिजवायची आणि पुढं दहा-पंधरा दिवस खळ्यावर उन्हात वाळवायची. जीव टांगणीला लागतो तो या दिवसांत. मार्चात आभाळ कधी भरून येईल नेम नाही, आणि शिजवलेली हळद भिजली की रंग उतरतो. वसमतच्या हळदीला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते चांगलंच झालं. पण मोंढ्यातला व्यापारी भिजलेलं हळकुंड मोडून बघतो आणि भाव पाडतो, तेव्हा मानांकन कामाला येत नाही.

तर आभाळ आलं की गाव आपापल्या खळ्याकडं पळायचं. ही म्हातारी भलतीकडंच पळायची. कोणाचा नवरा ऊसतोडीला गेलेला, कोणाचा लेक पुण्यात कंपनीत, कोणी नुसतंच म्हातारं. अशा खळ्यावर ही आधी पोचायची. पदर खोचून, फावड्यानं हळद ओढून ढीग करायचा, ताडपत्री टाकायची, चार कडांवर दगड ठेवायचे आणि मग धापा टाकत घरी.

"आजी, कुठं पळायलीस? आपली हळद इकडं हाय!" थोरला नातू ओरडायचा.

"आपल्याकडं तुम्ही चौघं हाईत की. तिच्या खळ्यावर कोण हाय?"

ही खोड जुनी होती. 1972 च्या दुष्काळात ती रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायची. मजुरी खडीच्या मापावर. जिच्या घरची दोन-तीन माणसं कामावर असत तिचा ढीग मोठा. एकटीचा ढीग लहान, मजुरीही लहान. मुकादम टेप घेऊन यायच्या आत ही आपल्या ढिगातली दोन घमेली उचलून शेजारच्या एकटीच्या ढिगावर ओतायची. मुकादमाला कळत नसेल असं नाही. त्यानं कधी विचारलं नाही, एवढं खरं.

पुढं घर सावरलं, सुना आल्या, तरी हिचे हात थांबले नाहीत. आषाढ वद्य एकादशीला नर्सीला परतवारी असते. पंढरपूर करून आलेली माणसं नामदेवांच्या जन्मगावी जातात. त्यांच्यासाठी ही औंढ्याच्या रस्त्याला भगर आणि शेंगदाण्याची आमटी घेऊन बसायची. तिथंही नजर तीच. घोळक्यानं येणाऱ्या दिंडीपेक्षा मागं रेंगाळत, काठी टेकत येणाऱ्या एकट्या माणसाला पहिली पत्रावळ.

थोरला नातू परभणीला शेतीचं शिकून आलेला. हिशेबाचा पक्का. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चात मराठवाड्याला गारपिटीनं झोडपलं, त्या वेळी आजी दुसऱ्याच्या खळ्यावर होती आणि घरची दीड क्विंटल हळद भिजली. संध्याकाळी त्यानं वहीत आकडा मांडला आणि तिला वाचून दाखवला. म्हातारीनं ऐकून घेतलं.

"बरूबर हाय हिशेब," ती म्हणाली. "पण लेकरा, आभाळ आलं की आधी एकट्याच्या खळ्यावर जायचं. मग आपलं."

"अन् आपल्यावर येळ आली तर? कोण येईल?"

"ते मला काय ठाव?" म्हातारी म्हणाली आणि भाकरी थापायला बसली. तिनं खरंच त्याचा विचार केला नव्हता. परतफेडीच्या आशेनं केलं असतं तर नातवाशी तिचं जमलं असतं, कारण तोही हिशेबच झाला असता.

काही वर्षांनी ती ऐन हळदीच्या दिवसांत गेली. शिजवलेली हळद खळ्यावर पसरलेली होती. दहाव्या दिवशी घरातलं सगळं माणूस नदीवर. गावही आलं होतं. महाराजांचं प्रवचन चाललेलं, पिंड मांडलेले आणि कावळा काही शिवेना. चुलत्यानं हात जोडून नातीच्या लग्नाचा शब्द दिला, शेजारणीचं उसनं फेडायचा शब्द दिला. कावळा बाभळीवरून हलेना. तेवढ्यात औंढ्याच्या बाजूनं आभाळ काळं झालं.

नातवानं मागं वळून पाहिलं. मागच्या रांगेतली माणसं एकेक करून उठत होती. आधी दोघं, मग पाच, मग बायकांचा एक घोळकाच. थोड्या वेळात अर्धी माणसं पांगली. त्याच्या पोटात कालवलं. आजी जन्मभर ज्यांच्यासाठी पळाली ती माणसं तिच्या दहाव्याला घटकाभर बसली नाहीत, आपापली हळद आवरायला गेली. त्याला वहीतला दीड क्विंटलचा आकडा आठवला. पावसाचे थेंब आले, महाराजांनी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला आणि सगळे भिजत घरी निघाले. पावसात कावळा तरी काय करणार!

खळ्यावर येऊन पाहतो तर हळदीचे सहा ढीग, सहाही झाकलेले. एकावर निळी ताडपत्री, एकावर पिवळी, दोन ढिगांवर खताच्या पोत्यांची शिवलेली पट्टी. एका ढिगावर तर निवडणुकीचा जुना फ्लेक्स होता आणि कुठल्याशा पुढाऱ्याचा हसरा चेहरा पाऊस झेलत होता. त्याच्या आयुष्यातलं ते बहुधा सगळ्यात उपयोगी काम असावं. कडांवर दगड ठेवलेले. माणूस मात्र एकही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ऊन पडलं. नातू ताडपत्र्यांच्या घड्या घालून घरोघर निघाला. निळी ज्याची होती तो गावाच्या टोकाला राहायचा. बायको वारलेली, मूलबाळ नाही. त्याच्या दारात हळद पडली होती, ओली, काळवंडलेली.

"काका, ही तुमची भिजली?"

"एकच ताडपत्री होती," तो म्हणाला. "तुमचे समदे नदीवर. खळ्यावर कोण होतं?"

नातवानं खिशातून वही काढली. किती गेली, काय भाव धरायचा, भरून देतो, असं काहीबाही तो बोलू लागला.

"ते ठिव," काका म्हणाला. "ऊन हाय तवर पसरून घेऊ. तिकडून वढ."

घरी पाहुणे जेवायचे थांबले होते. बराच वेळ झाला तेव्हा चुलता चिडून शोधायला आला. दारात उभा राहून काही बोलणार तोच नातवानं त्याच्या हातात दुसरं फावडं दिलं.