दुखण्याचें नांव आणि दुखणेकऱ्याचा दोष

जन्मांध मनुष्यास पाहून शिष्यांनीं प्रभूला विचारिलें कीं, पाप कोणाचें? दुखणें दिसलें कीं दोष शोधावा, ही खोड फार जुनी आहे. ती भाषेंतहि कशी शिरते, हें मध्ययुगांतील इंग्रजी शब्दांवरून दिसून येतें.

त्या काळीं इंग्लंडांत गळवास 'बाइल', सुजून आलेल्या फोडास 'बॉच', व मानेंतील सुजलेल्या गांठीस 'कर्नेल', म्हणजे दाणा, असें म्हणत. हीं नांवें निर्दोष आहेत. डोळ्यांस दिसलें तेवढेंच तीं सांगतात. परंतु बोटाच्या टोकास पू होऊन ठणकणाऱ्या नखुरड्यास 'फेलन' म्हणत, आणि दुष्ट, अपराधी मनुष्यासहि तोच शब्द लावीत. गंडमाळेचें नांव 'राजाचें ईव्हिल' असें होतें. 'ईव्हिल' म्हणजे पीडा, आणि दुष्टपणाहि. राजाच्या स्पर्शानें ती बरी होते अशी समजूत होती. पुढें कोशकार म्हणून प्रसिद्धीस आलेल्या सॅम्युएल जॉन्सनला बाळपणीं, १७१२ सालीं, राणी अॅन हिनें स्पर्श केला. गुण आला नाहीं. गंडमाळ बहुधा क्षयाच्या जंतूमुळें होते. तो जंतु रॉबर्ट कॉख यांनीं १८८२ सालीं दाखवून दिला. त्यांत रोग्याचा दुष्टपणा कोठेंच नव्हता.

याहून विचार करण्याजोगी गोष्ट पुढेंच आहे. महारोग्यास 'मेझल' म्हणत. ज्या लॅटिन शब्दापासून हा आला, त्याचा अर्थ 'बिचारा'. दुसरें नांव 'लाझर'. तें फोडांनीं भरलेल्या लाजरावरून पडलें. दोन्ही नांवें दयेच्या पोटीं जन्मलीं. तरी 'मेझल' हा तिरस्काराचा शब्द झाला, आणि अशा रोग्यांसाठीं गांवाबाहेर बांधलेल्या घरांना लाजराचें नांव मिळालें. ज्यास देवदूतांनीं अब्राहामाच्या उराशीं नेलें, त्याचेंच नांव वेशीबाहेर ठेवण्याची खूण व्हावी, हें केवढें दुःख!

बंधुभगिनींनो, शब्द स्वतः होऊन नासत नाहीं. आधीं आपण रोग्यापासून दूर सरतों, मग शब्दहि आपल्यामागून येतो. आपण 'महारोग' सोडून 'कुष्ठरोग' म्हणूं लागलों, हें बरें झालें. १८७३ सालीं हानसेन यांनीं त्याचा जंतु शोधिला, आणि आज तो औषधांनीं पूर्ण बरा होतो. परंतु बरा होऊन आलेल्या मनुष्यास उपासनेच्या वेळीं आपल्या चटईवर जागा मिळाली नाहीं, तर हें नवें नांवहि 'मेझल'च्याच वाटेनें जाईल. यास्तव नांव जपून घ्यावें. आणि त्याहीपूर्वीं थोडें सरकून बसावें.