पिस्तूल आणि चहापाणी

गुप्त पोलिसाला गुप्त राहता येईल अशी एकही जागा जालना जिल्ह्यात नाही. साध्या कपड्यांत अंबडच्या बसस्टँडवर उतरावं, तर चहाच्या गाड्यावरचं पोरगं लांबूनच ओरडायचं, "साहेब, आज डगला नाही का? कुणाला उचलायचंय?" पोलीस ठाण्यात आमच्या पथकाला डी.बी. म्हणतात. डिटेक्शन ब्रँच. नाव ऐकून ओव्हरकोट आणि तिरकी हॅट डोळ्यांसमोर येत असेल तर तुमची चूक नाही. पण मराठवाड्यात मे महिन्यात ओव्हरकोट घालून फिरणाऱ्या इसमाला आम्हीच आधी संशयावरून ताब्यात घेतलं असतं.

मी १९७९ साली शिपाई म्हणून भरती झालो तेव्हा जालना हा जिल्हासुद्धा नव्हता. तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यातलं ते एक तालुक्याचं, पण व्यापारानं गब्बर असलेलं गाव. 'जालना, सोने का पालना' ही म्हण निजामाच्या काळापासूनची. १ मे १९८१ रोजी जिल्हा झाला. कलेक्टर आले, एस.पी. आले, कचेऱ्या आल्या आणि कचेऱ्यांबरोबर टेबलं आली. टेबल आलं की त्याची खालची बाजू वेगळी मागवावी लागत नाही.

रात्रपाळीत जागं राहण्यासाठी मी वाचायला लागलो. आधी बाबूराव अर्नाळकर. झुंजार आणि काळापहाड यांच्याबरोबर मी इतक्या रात्री काढल्या आहेत, की त्यांचा भत्ता सरकारकडून मागायला हरकत नव्हती. मग गुरुनाथ नाईक, मग सुहास शिरवळकर. पुढे बढत्या घेत घेत २०१७ मध्ये निवृत्त झालो आणि पुण्याच्या भाच्यानं दोन अमेरिकन लेखक आणून माझ्या हातात ठेवले, डॅशिएल हॅमेट आणि रेमंड चँडलर. माझं इंग्रजी कोर्टाच्या निकालापुरतं. तरी शब्दकोश शेजारी ठेवून वाचले, आणि हॅमेटशी तर भाऊबंदकीच निघाली. हा गृहस्थ १९१५ पासून काही वर्षं पिंकर्टन नावाच्या खासगी गुप्तहेर कंपनीत नोकरीला होता. म्हणजे आमच्याच धंद्यातला. तंगडतोड, पाळत आणि वरिष्ठांना अहवाल, हे सगळं केलेला माणूस.

त्याची 'रेड हार्वेस्ट' १९२९ ची. खाणीच्या एका गावात मालकानं कामगारांचा संप मोडण्यासाठी गुंड आणले. संप मोडला. पण गुंड परत गेले नाहीत, ते गावच वाटून घेऊन बसले. पोलीस प्रमुखसुद्धा वाटेकरी. तिथं एक ठेंगणा, जाडा गुप्तहेर येतो. त्याला सबंध पुस्तकात नाव नाही. तो या टोळ्यांना एकमेकांच्या अंगावर घालून गाव साफ करतो. इतका साफ, की शेवटी मुडदे मोजताना माझी बोटं संपली. मला त्यातली एकच जागा फार खरी वाटली. मधेच त्या जाड्याला कळतं, की या मारामारीची आपल्याला गोडी लागत चालली आहे, आणि तो घाबरतो. लेखकानं हे बाहेरून लिहिलेलं नाही.

पण बाकीचं? ते पिस्तूल? माझ्या अडतीस वर्षांच्या नोकरीत मी गोळीबार केला तो चांदमारीच्या मैदानावर, आणि तिथंही फळ्यापेक्षा मागच्या मातीच्या ढिगालाच जास्त लागायचा. या पुस्तकांत भ्रष्ट माणूस दिसला की ओळखू येतो. त्याच्या तोंडात सिगार असतो, आवाज घोगरा असतो, खोलीत अंधार असतो. आमच्याकडचा माणूस खुर्ची पुढं करतो. "या साहेब, बसा. वहिनींचे गुडघे कसे आहेत?" असं विचारतो. गुडघ्याला तेल कोणतं लावावं तेही सांगतो. त्याच्याकडं बघून पिस्तूल काढावंसं वाटेल का तुम्हाला? तेल लिहून घ्यावंसं वाटतं.

आणि आपली भाषा पाहा. आमच्या खात्याचं नाव लाचलुचपत प्रतिबंधक विभाग. महाराष्ट्रात तो १९५७ पासून आहे आणि मी तिथं तीन वर्षं प्रतिनियुक्तीवर होतो. त्या तीन वर्षांत 'लाच' हा शब्द मी पंचनाम्याबाहेर कुणाच्या तोंडून ऐकला नाही. 'लुचपत' तर आता त्या पाटीपुरताच जिवंत आहे. लोक म्हणतात चहापाणी. म्हणतात चिरीमिरी, वरकमाई, दक्षिणा. फाइल हलकी असते, वाऱ्यानं उडते, म्हणून तिच्यावर वजन ठेवायचं. अगदी गरीब माणसाला 'फूल ना फुलाची पाकळी' चालते. देवळातले सगळे शब्द कचेरीत येऊन बसलेत. ज्या गोष्टीला इतकी गोड नावं आहेत ती गोष्ट वाईट आहे हे पोराबाळांना पटवायचं तरी कसं?

चहावरून आठवलं. चहा ही लाच आहे का, यावर आमच्या ठाण्यात रात्र रात्र वाद व्हायचे. १९८८ च्या कायद्यात मुळात अशी सोय होती, की घेतलेली वस्तू अगदीच क्षुल्लक असेल तर कोर्टानं तिच्यावरून भ्रष्टाचाराचं गृहीत धरलंच पाहिजे असं नाही. आमचे एक जमादार म्हणायचे, कट क्षुल्लक, फुल नाही. मी हॉटेलात स्वतःचं बिल देत असे. यामुळं हॉटेलवाला माझ्यावर कायम नाराज असायचा. त्याला वाटायचं, साहेबांच्या मनात काहीतरी आहे.

आता तुम्ही म्हणाल, जालन्यात कादंबरीसारखं काही घडतच नाही की काय? घडतं. २०२२ च्या ऑगस्टमध्येच दोन गोष्टी घडल्या. आयकर खात्यानं इथल्या पोलादवाल्यांवर धाड घातली ती वऱ्हाडी होऊन. गाड्यांवर 'राहुल वेड्स अंजली' अशी चिठ्ठी चिकटवलेली. लोकांना वाटलं, कुणाचं तरी मोठं लग्न दिसतंय. मांडवात निघाले सुमारे ५८ कोटी रुपये रोख आणि ३२ किलो सोनं. नोटा मोजायला १३ तास लागले म्हणतात. चँडलरनं हे लिहिलं असतं तर संपादकानं 'अतिरंजित' म्हणून परत पाठवलं असतं. त्याच महिन्यात समर्थ रामदासांच्या जन्मगावी, जांब समर्थला, राममंदिरातल्या जुन्या मूर्ती चोरीला गेल्या. जिल्हा हळहळला, विधानसभेपर्यंत आवाज गेला आणि काही आठवड्यांत पोलिसांनी चोर शोधून मूर्ती परत आणल्या. मी तेव्हा निवृत्त होतो, पण छाती माझीही फुगली.

या मूर्तींच्या चोरीवरच मी बराच विचार केला. चोरी सापडते, कारण कुणीतरी ओरडतं. देव्हारा रिकामा दिसतो. लाचेच्या गुन्ह्यात देव्हारा रिकामा दिसतच नाही. देणारा कामाच्या खुशीत, घेणारा पैशाच्या खुशीत, आणि ज्याचं नुकसान झालं तो तिसरा माणूस त्या खोलीत हजरच नसतो. तो दूर कुठंतरी रांगेत उभा असतो आणि रांग पुढं का सरकत नाही म्हणून नशिबाला बोल लावतो. अंबड आणि घनसावंगी तालुक्यांत अतिवृष्टीच्या अनुदानाचे कोट्यवधी रुपये भलत्याच खात्यांत गेल्याचं प्रकरण निघालं आणि २०२५ मध्ये त्याचा गुन्हा नोंदला गेला. आरोप असा, की बोगस नावं, दुबार नावं, जमीन नाही त्यांच्याही नावावर नुकसान. दोष कुणाचा ते कोर्ट ठरवील. मी फक्त एक डी.बी.वाला म्हणून हत्यार पाहिलं. पिस्तूल नाही, सुरा नाही. लॉगिन आणि पासवर्ड. पंचनाम्यात 'हत्यार जप्त' या रकान्यात काय लिहायचं?

हॅमेट-चँडलरच्या हीरोबद्दल माझी खरी तक्रार वेगळीच आहे. चँडलरचा फिलिप मार्लो घ्या. १९३९ च्या 'द बिग स्लीप'मध्ये तो रोजचे पंचवीस डॉलर आणि वरखर्च एवढंच घेतो. कुणी जास्त देऊ केलं तर नाकारतो, मार खातो, पण विकला जात नाही. छान. पण त्याला बायको नाही. पोरगी लग्नाची नाही. म्हातारी आई मोतीबिंदूच्या ऑपरेशनला थांबलेली नाही. खोलीत बुद्धिबळाचा पट आणि बाटली. अशा माणसाला विकत घ्यायचं तर कशानं घेणार? मार्लोचा प्रामाणिकपणा खरा असेलही, पण त्याचं बिल त्याच्या एकट्याच्या नावावर फाटतं.

आमच्या घरात ते तसं नव्हतं. एकदा मी एका पाकिटाला हात लावला नाही म्हणून ऐटीत घरी आलो. सौ.नं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुमचा प्रामाणिकपणा तुमचा आहे, पण त्याची उधारी किराणा दुकानात माझ्या नावावर आहे." यावर कोणत्याही धर्मग्रंथात उत्तर सापडलं तर मला कळवा. मी नैतिक राहायचं ठरवलं, पण सायकल मिळाली नाही ती पोराला. ही मालमत्ता माझी होती का, की मी दुसऱ्याच्या खिशातून पुण्य करत होतो? आणि त्याहून अवघड गोष्ट अशी, की मी घेतलं नाही ते तत्त्वानं की भीतीनं? या प्रकरणाचा तपास मी अडतीस वर्षं करतोय. आरोपी अद्याप फरार आहे.

तरी मी वर्दीतला माणूस होतो. पगार होता, क्वार्टर होतं. मार्लोपेक्षा एकटा आणि माझ्यापेक्षा जास्त संसार असलेला एक माणूस मी पाहिला. मंठ्याकडचा शेतकरी. जमिनीच्या फेरफारासाठी एका कार्यालयात त्याच्याकडं तीनशे रुपये मागितले होते, म्हणून तो आमच्याकडं तक्रार घेऊन आला. सापळा कसा लावतात ते सांगतो. आधी मागणीची पडताळणी. मग नोटांना अँथ्रासीनची पूड लावायची. साध्या उजेडात ती दिसत नाही, पण अतिनील दिव्याखाली घेणाऱ्याची बोटं चमकतात. सोबत दोन सरकारी पंच. ते दुसऱ्या खात्यातले असतात आणि पूड लावताना सगळ्यांत जास्त घाम त्यांनाच येतो. पैसे दिले की तक्रारदारानं ठरलेली खूण करायची. आमच्या साहेबांनी खूण ठरवली, टोपी काढायची. रंगीत तालमीत त्यानं तीन वेळा टोपी काढली, तिन्ही वेळा पैसे देण्याआधी. उकाडाच तसा होता. शेवटी रुमालानं तोंड पुसायचं ठरलं.

सापळा झाला. बोटं चमकली. आमचं काम फत्ते. मग खटला उभा राहायला काही वर्षं गेली आणि साक्षीच्या दिवशी हा गडी पिंजऱ्यात उभा राहून म्हणाला, "पैसं उसने दिले होते." फितूर. सरकारी वकिलांनी कपाळाला हात लावला. २०२२ च्या डिसेंबरात सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायमूर्तींनी सांगितलं, की तक्रारदार फिरला किंवा मेला तरी इतर पुराव्यांवरून मागणी सिद्ध होऊ शकते. तेव्हा एवढं स्पष्ट नव्हतं. आरोपी सुटला.

कोर्टाच्या बाहेर मी त्याला गाठलं. रागावलोच होतो. म्हटलं, "अरे, एवढी हिंमत करून आलास आणि ऐनवेळी असं का केलंस?" तो म्हणाला, "साहेब, तुमची बदली होती. त्याचीबी होती. माझी होत न्हाई. मला तिथंच ऱ्हायाचंय. कागुद पुन्हा त्याच टेबलावर जातो." माझ्याकडं शिस्तीचे, कायद्याचे, देशप्रेमाचे बरेच मुद्दे तयार होते. त्यातला एकही त्या कोर्टाच्या ओट्यावर बाहेर काढता आला नाही.

आता २०१८ पासून कायदा देणाऱ्यालाही आरोपी करतो. जबरदस्तीनं द्यावी लागली असेल तर सात दिवसांत कळवलं पाहिजे, तरच सुटका. सात दिवस बरेच झाले असं कायदा करणाऱ्यांना वाटलं असावं. मंठ्यात एका कागदासाठी पहिले सात दिवस साहेब जेवायला गेलेले असतात.

मध्यंतरी तो मला बाजारात भेटला. मोसंबीचा ढीग लावून बसलेला. चांगला ओळखला त्यानं. "काय करता आता, साहेब?"

"वाचतो. चोर-पोलिसांची पुस्तकं."

"मंग शेवटाला काय होतं त्यात?"

"चोर सापडतो."

"आन् फिर्यादीचं काय होतं?"

मी आठवून पाहिलं. अर्नाळकर, नाईक, हॅमेट, चँडलर, सगळे चाळले. फिर्यादी दुसऱ्या-तिसऱ्या प्रकरणात येतो, रडतो आणि जातो. पुढं त्याचं नाव निघत नाही. म्हटलं, "लिहिलेलं नाही."

त्यानं मान हलवली आणि दोन किलोच्या वर चार मोसंबी पिशवीत टाकली. मी ती काढून ठेवली. त्यानं पुन्हा टाकली. निवृत्त माणूस लोकसेवक राहत नाही, हा मुद्दा मी मनातल्या मनात तपासून घेतला आणि पिशवी उचलली. घरी सौ.नं मोसंबी मोजली, माझ्याकडं बघितलं आणि विचारलं, "वरच्या चारचे पैसे दिले का?"