शाल, श्रीफळ आणि नियत

गेल्या आषाढात माउलींची पालखी नातेपुत्याला मुक्कामी होती. त्या संध्याकाळी आमच्या मोहल्ल्यातला एक तरुण घरी आला. तो स्वतः गाणी लिहितो, चाल लावतो, स्वतःच गातो आणि मोबाईलवरून लोकांपुढे ठेवतो. आवाज चांगला आहे. "चाचा, एका कार्यक्रमासाठी माझा परिचय लिहून द्या," असे म्हणत त्याने कागद पुढे केला. कागदावर नऊ पुरस्कारांची यादी होती. एकाही गाण्याचे नाव नव्हते.

मी विचारले, "अरे, तुझी गाणी कुठं आहेत यात?"

"गाणी कोण विचारतं, चाचा? पुरस्कार किती मिळाले, एवढंच विचारतात." मग थोडे थांबून त्यानेच मला विचारले, "आपल्या जिल्ह्यातले अमर शेख. त्यांना किती पुरस्कार मिळाले होते?"

मला उत्तर देता आले नाही. यादी मला पाठ नव्हती. पाठ होती ती त्यांची गाणी. पण तेवढे उत्तर पुरेसे आहे का, हा प्रश्न मनातून जाईना.

आज ज्याला पॉप गायक म्हणतात, त्याचे काम आमचे शाहीर केव्हापासून करीत आले आहेत. गाणे स्वतः रचायचे आणि हजारोंच्या गर्दीत स्वतःच गायचे. अमर शेख म्हणजे बार्शीचे मेहबूब हुसेन पटेल. जन्म १९१६ चा. गिरणी कामगारांच्या लढ्यातून ते पुढे आले. अण्णा भाऊ साठे आणि द. ना. गवाणकर यांच्यासह लाल बावटा कलापथकात गाजले. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत त्यांच्या डफावर मैदाने भरत. 'कलश' आणि 'धरित्रीमाता' हे त्यांचे कवितासंग्रह. सत्तेविरुद्ध गाणाऱ्या माणसाला सत्तेने शाल पांघरावी, अशी अपेक्षाही कुणी केली नसेल. १९६९ साली अपघातात ते गेले. त्याच वर्षी, सहा आठवडे आधी, अण्णा भाऊही गेले होते. अण्णा भाऊंचे टपाल तिकीट निघाले २००२ साली, म्हणजे मृत्यूनंतर तेहतीस वर्षांनी. मुंबई विद्यापीठात शाहीर अमर शेखांच्या नावाचे अध्यासन आले, तेही त्यांच्या पश्चात. सन्मान झालाच नाही असे नाही. ज्याचा व्हायचा तो माणूस तेव्हा उरला नव्हता.

म्हणून पुरस्कार निरर्थक म्हणायचे का? असे म्हणणे पोट भरलेल्याला सोपे आहे. मुसलमान, दलित, भटक्या वस्तीतला पोरगा गातो तेव्हा 'हे आमचेच गाणे आहे' असे समाजाने एकदा मोठ्याने म्हणावे, ही मागणी भिकेची नाही, हक्काची आहे. पण नुसत्या पुरस्काराने तो हक्क पुरा होतो, असेही नाही. विठाबाई नारायणगावकरांचा जन्म आपल्या पंढरपूरचा. राष्ट्रपतींच्या हस्ते त्यांचा गौरव झाला, एकदा नव्हे, दोनदा. तरी शेवटचे दिवस हलाखीत गेले आणि २००२ साली त्या वारल्या तेव्हा दवाखान्याचे बिल लोकांच्या मदतीने भागले. पुढे सरकारने त्यांच्या नावाचा जीवनगौरव पुरस्कार सुरू केला. पदक दिले की आपले कर्तव्य संपले, असे देणाऱ्याला वाटते. घोटाळा तिथेच आहे.

देणाऱ्यांची तऱ्हा जगभर अशीच. ब्रिटिश गायक कॅट स्टीव्हन्स यांनी १९७७ साली इस्लाम स्वीकारला आणि ते युसुफ इस्लाम झाले. २००४ च्या सप्टेंबरात ते विमानाने अमेरिकेला निघाले होते. सुरक्षा यादीत नाव आहे म्हणून विमान वाटेतच वळवले गेले आणि त्यांना परत पाठवण्यात आले. दोन महिन्यांत, नोव्हेंबरात, रोममध्ये मिखाईल गोर्बाचेव्ह यांच्या हस्ते त्यांना शांततेसाठीचा पुरस्कार मिळाला. माणूस तोच, नाव तेच. एका यादीत तो धोकादायक, दुसरीत शांतिदूत. मग कोणती यादी खरी मानायची? मला वाटते, दोन्ही याद्या करणाऱ्यांविषयी जेवढे सांगतात, तेवढे त्या गाणाऱ्याविषयी सांगत नाहीत. २०१६ साली बॉब डिलन यांना साहित्याचे नोबेल जाहीर झाले, तेव्हा ते कित्येक दिवस गप्प राहिले. जग त्यांच्या उत्तराची वाट पाहत होते. त्यांची गाणी मात्र आदल्या दिवशी होती तेवढीच मोठी होती.

हे सारे मी त्या पोराला सांगू शकलो असतो. पण माझ्या बैठकीच्या भिंतीवर एक चौकट आहे. काही वर्षांपूर्वी एका संस्थेचे पत्र आले होते: आपली साहित्य पुरस्कारासाठी निवड झाली आहे, नोंदणी शुल्क पाठवावे. मी पाठवले. सन्मानपत्र आले. पाहुण्यांना मी ते दाखवत आलो, शुल्काचे मात्र कधी सांगितले नाही. पोराने सहज कबूल केले की त्याच्या नऊपैकी सात पुरस्कार असेच पैसे भरून आले आहेत आणि दोन वेळा अम्मीने बचत गटातून कर्ज काढले आहे. मी त्याला कोणत्या तोंडाने बोलणार?

कृतीचे मोल नियत पाहून ठरते, ही हदीस आपल्या घरात लहान मुलालाही ठाऊक असते. दिखाव्यासाठी केलेले सत्कर्मही वाया जाते, हेही आपण ऐकत आलो. पण ही शिकवण आपण नेहमी घेणाऱ्याला ऐकवतो. देणाऱ्याच्या नियतचे काय? शुल्क घेऊन सन्मान विकणारा, गाणे न ऐकता यादी मागणारा, माणूस मेल्यावर जागा होणारा, यांना कोण विचारणार? गरिबाच्या पोराने पुरस्कार विकत घेतला हा दोष खरा. पण त्याआधी बाजार मांडला तो आपण, व्यासपीठावर बसणाऱ्यांनी.

बाहेर दिंड्यांमध्ये टाळ वाजत होते. तुकोबांचे अभंग लोक गात होते. या अभंगांना पुरस्कार कोणता, असे त्या गर्दीत कुणालाच विचारावेसे वाटले नसते.

मी परिचय लिहिला. आधी पाच गाण्यांची नावे, कोणते गाणे कशावर आहे ते. शेवटी न मागता मिळालेले दोन पुरस्कार. त्याने दोनदा वाचले. "एवढ्यावर बोलावतील का, चाचा?"

"ठाऊक नाही बेटा," मी म्हणालो. "आधी गाणं ऐकव."

त्याने तिथेच बसून ऐकवले. माझ्या भिंतीवरची ती चौकट मी दुसऱ्या दिवशी काढली. ज्या समितीवर मी आहे, तिथे आता एकच सूचना मांडणार आहे: नाव सुचवण्याआधी त्या माणसाच्या घरी जावे आणि त्याचे गाणे ऐकावे. जमले तर त्याच्या घरात औषधाला पैसे आहेत का, हेही विचारावे.