बाहुलीची साक्ष

दिवाणी कोर्टात जन्म गेला की वकिलाला एक सवय लागते : जे शाबीत होत नाही, ते नाहीच असं धरून चालायचं. ‘ब्रिग्ज विरुद्ध इलियट’ हा खटला वाचताना ही सवय मला बोचू लागली.

अमेरिकेतल्या साउथ कॅरोलायना राज्यात, क्लॅरेंडन काउंटीत, गोऱ्या मुलांच्या शाळांना ३० बस होत्या. काळ्यांच्या शाळांना एकही नाही. जोसेफ डीलेन हे तिथले मेथडिस्ट पाद्री, पेशानं शिक्षकही. १९४७ साली त्यांच्या पुढाकारानं पालकांनी मागितली ती फक्त एक बस. ती नाकारली गेली आणि भांडण वाढत वाढत वेगळ्या शाळांच्या मुळाशी गेलं. वादी हॅरी ब्रिग्ज यांची पेट्रोल पंपावरची नोकरी गेली, बायकोचीही गेली. डीलेन यांचं घर जळालं.

१९५१ मध्ये पालकांचे वकील थर्गुड मार्शल आणि त्यांचे सहकारी चार्ल्सटनच्या कोर्टात उभे राहिले. त्यांचे साक्षीदार, मानसशास्त्रज्ञ केनेथ क्लार्क यांनी क्लॅरेंडनमधल्या १६ काळ्या मुलांना गोऱ्या आणि तपकिरी बाहुल्या दाखवल्या होत्या. रंग सोडला तर सगळ्या सारख्याच. ‘वाईट दिसणारी बाहुली दे’ म्हटल्यावर ११ मुलांनी तपकिरी बाहुली पुढे केली. मग विचारलं, तुझ्यासारखी कोणती?

हा प्रश्न एखाद्या लेकराला विचारावा लागतो, याचंच मला दुःख होतं. आणि समजा, मुलांनी तपकिरी बाहुली आनंदानं कवटाळली असती, तर वेगळ्या शाळा न्याय्य ठरल्या असत्या का? माणूस देवाच्या प्रतिमेत घडला, असं मानणाऱ्या पाद्र्याला मुलाची योग्यता पटवायला त्याच्या मनावरची जखम दाखवावी लागली.

आपल्याकडे चवदार तळ्याचा दावा बाबासाहेब १९३७ साली मुंबई हायकोर्टात जिंकले, ते अस्पृश्यांना तळ्यापासून दूर ठेवण्याची वहिवाट अनादी असल्याचं सनातन्यांना शाबीत करता आलं नाही म्हणून. ती शाबीत झाली असती तर?

मार्शल चुकले असं मी म्हणणार नाही. कोर्टाला जे ऐकू येतं तेच वकिलानं बोलावं लागतं, आणि शाळेत जाणारं मूल तत्त्वज्ञानाचा निकाल लागेपर्यंत लहान राहत नाही. वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवणाऱ्या १९५४ च्या ‘ब्राउन’ निकालात अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं क्लार्क यांच्या संशोधनाची नोंद घेतली. पण चार्ल्सटनच्या तीन न्यायाधीशांपैकी एकट्या वेटीज वॉरिंग यांनी विरोधी मत देताना, मुलांना रंगावरून वेगळं बसवणं हीच विषमता असल्याचं लिहिलं होतं. मी त्यांच्या बाजूचा. त्यासाठी बाहुलीची साक्ष लागायला नको होती.