आधीच ठाऊक असलेले उत्तर

सुरतेहून हजीऱ्याकडे जाणारा रस्ता आपल्यापैकी अनेकांच्या परिचयाचा आहे. कोणाचा मुलगा, कोणाचा जावई तेथील एखाद्या कारखान्यात नोकरीस आहे किंवा होता. माझे थोरले बंधूही तेथूनच सेवानिवृत्त झाले. (बडोदेकरांनी आपल्या हजिऱ्याशी, म्हणजे कुतुबुद्दीनखानाच्या मकबऱ्याशी, गल्लत करू नये.) गेल्या दिवाळीत बंधूंच्या मुलीबरोबर मी सुवाळीच्या किनाऱ्यावर गेलो होतो. 1612 साली इंग्रज आणि पोर्तुगीज जहाजांची लढाई झाली ते हेच पाणी. एम. ए. होऊन तिला वर्ष उलटले आहे, पीएच. डी.साठी नाव नोंदवायचे आहे, आणि प्रबंधाचा विषय ठरत नाही. पिशवीत दोन आराखडे होते. दोन्ही तिचेच, आणि दोन्हींबद्दल तिला संशय.

पहिला आराखडा नवसारी प्रांतातील गायकवाडी महसूल व्यवस्थेचा. साधने बडोद्याच्या अभिलेखागारातील मोडी दफ्तरांत आहेत आणि मोडी तिला आजोबांनी शिकवलेली. घरातील वडीलधाऱ्यांची पसंती अर्थातच याला. दुसरा आराखडा हजीऱ्याच्या पगडियांचा. ओहोटीच्या वेळी चिखलातून पायी जाऊन मासे धरणाऱ्यांना तिकडे पगडिया म्हणतात. ते बहुतांशी हळपती समाजाचे. 1980 नंतर समुद्रातला वायू येथे उतरला, येथूनच विजयपूर-जगदीशपूरची वायुवाहिनी निघाली, खत, पोलाद, रसायने आली, पुढे बंदर झाले. या सर्वांत पगडियांच्या उपजीविकेचे काय झाले, हा तिचा प्रश्न. मच्छीमारांचे गाऱ्हाणे हरित न्यायाधिकरणाच्या पुण्यातील खंडपीठापर्यंत गेले आणि 2016 मध्ये त्याचा निकालही लागला, हे वाचकांना स्मरत असेल.

"काका, मला दुसराच विषय हवा आहे," ती म्हणाली. "पण बाबांच्या पगारावर मी शिकले. त्याच कारखान्यांविरुद्ध लिहिणे हा कृतघ्नपणा नाही का? आणि न लिहिणे हा भित्रेपणा नाही का?"

प्रश्न प्रामाणिक होता, म्हणून मी लगेच उत्तर दिले नाही. मात्र त्यातील एक शब्द मला खटकला. 'विरुद्ध'. किनाऱ्यावरच्या एकाही माणसाशी अजून ती बोललेली नव्हती, आणि प्रबंधाचा शेवट तिला ठाऊक झाला होता.

त्या क्षणी मला इरावतीबाई कर्वे आठवल्या. आपण त्यांना 'युगान्त'कार म्हणून ओळखतो, पण त्यांच्या दोन प्रबंधांचा इतिहास या प्रश्नाशी फार जवळून संबंधित आहे. मुंबईस डॉ. घुर्ये यांच्या हाताखाली त्यांनी एम. ए.साठी विषय घेतला तो चित्पावन ब्राह्मणांचा, म्हणजे स्वतःच्याच ज्ञातीचा. त्यानंतर बर्लिनला गेल्या, तेव्हा मार्गदर्शक मिळाले ऑयगेन फिशर. नाझी राजवटीच्या वंशधोरणाला पुढे ज्या संस्थेने शास्त्राचा आधार पुरवला, तिचे हे संचालक. त्यांनी विषय दिला मानवी कवटीच्या असमतेचा. कवटीच्या दोन बाजूंतील फरक वंशानुसार बदलतो आणि त्यातून युरोपीयांच्या बुद्धीचे श्रेष्ठत्व दिसते, हे गृहीत त्यामागे होते. विषय दुसऱ्याचा, हेतू दुसऱ्याचा, मोजायच्या कवट्यांपैकी काही जर्मन वसाहतींतून आणलेल्या. त्या कोणाच्या, हे विचारण्याची तेथे पद्धत नव्हती. पंचविशीच्या आतबाहेरच्या त्या मुलीने सुमारे दीडशे कवट्या मोजल्या आणि लिहिले की असमतेचा वंशाशी संबंध दिसत नाही. फिशर यांनी पदवी दिली, गुण देताना मात्र हात आखडला.

हा प्रसंग आपण धैर्याची कथा म्हणून सांगतो, आणि ती आहेच. पण मला त्यात दुसरेही काही दिसते. इतका कलुषित विषयही मोजमाप खरे ठेवले तर स्वतःच्या कर्त्याविरुद्ध साक्ष देऊ शकतो. उलट, अत्यंत उदात्त विषय घेऊनही उत्तर आधीच खिशात ठेवले असेल, तर जे उरते ते वकीलपत्र. वकिली वाईट नव्हे, पगडियांना वकील हवेही आहेत. फक्त त्या कामासाठी पीएच. डी.ची पदवी घ्यावी का, याचा विचार व्हावा.

डॉ. आंबेडकरांचे उदाहरण आपल्या गायकवाडीच्या अधिक जिव्हाळ्याचे. सयाजीरावमहाराजांच्या शिष्यवृत्तीवर 1913 मध्ये ते कोलंबिया विद्यापीठात गेले. जातीचा दाह ज्याने भोगला, त्याने डॉक्टरेटसाठी विषय घेतला सरकारी अर्थव्यवहाराचा. जातींवरचा निबंध 1916 मध्ये वाचला तो एका चर्चासत्रात. स्वतःच्या जखमेवरच प्रबंध लिहिला पाहिजे असा काही नियम नाही, आणि लिहू नये असाही नाही.

परतताना मी तिला एवढेच विचारले, "समज, चार वर्षे हिंडल्यावर असे आढळले की एखाद्या गावात पगडियांची मुलेच आता चिखलात उतरू इच्छित नाहीत, कारखान्यातले कंत्राटी कामच त्यांना बरे वाटते. लिहिशील?" ती बराच वेळ गप्प राहिली. बाबांना दुखावण्याची तयारी तिने केली होती; आपल्या बाजूच्या मित्रमैत्रिणींना दुखावण्याची वेळ येईल, हे तिच्या मनातही आले नव्हते.

आणि वडीलधाऱ्यांचा तो निर्धोक विषय? त्याविषयी येथे स्पष्ट बोलले पाहिजे. आपल्या घरांना मोडी दफ्तर प्रिय आहे, कारण त्यात सुराज्य सापडेल अशी आपली खात्री आहे. सापडेलही. परंतु हे हळपती म्हणजे दक्षिण गुजरातेतील हाली पद्धतीत पिढ्यान्‌पिढ्या कर्जापोटी बांधले गेलेले शेतगडी, 1960 नंतर डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी ज्यांचा आयुष्यभर अभ्यास केला ते. नवसारी प्रांत या पद्धतीच्या मुलखातलाच. वहिवाटदारांच्या कचेरीत कारकुनी करणारे आपले पणजोबा त्या वसुलीत कोठे उभे होते, हे दफ्तर सांगू लागले तर आपल्यापैकी किती जण तो प्रबंध कौतुकाने हातात घेतील? मी घेईन असे छातीठोकपणे सांगवत नाही.

घरी पोहोचलो तेव्हा बंधू झोपाळ्यावर बसले होते. "काय ठरले?" त्यांनी विचारले. तिने दोन्ही आराखडे त्यांच्यापुढे ठेवले. दुसरा त्यांनी चष्मा लावून शेवटपर्यंत वाचला. मग म्हणाले, "आपण वसाहतीत राहत होतो तेव्हा एक बाई फाटकाशी कोळंबी घेऊन यायची. तू लहान होतीस. एका पावसाळ्यानंतर ती आली नाही. का आली नाही, ते मी कधी विचारले नाही. जुनागावची होती, एवढे आठवते."

तिने आराखड्याच्या मागच्या बाजूस गावाचे नाव लिहून घेतले.