आधी प्रत, मग बाकी सगळं

चि. सोनूस,


परवा फोनवर तू सहज म्हणालीस, "लॅपटॉप हल्ली मधूनच टकटक करतो," आणि लगेच मेसच्या आमटीवर घसरलीस. माझा जीव मात्र त्या टकटकीतच अडकलाय. बाबांचा तो जुना लॅपटॉप, त्यात फिरणारी हार्ड डिस्क. तिच्या तबकड्या मिनिटाला हजारो वेळा फिरतात आणि डेटा वाचणारा हेड त्यांच्यावर केसाच्या जाडीहूनही कितीतरी कमी अंतरावर तरंगतो. तो टेकला की ओरखडा उठतो, मग तिथलं काही परत मिळत नाही. म्हणून बाळा, अपडेट, दुरुस्ती सगळं नंतर. आधी प्रत काढ.

सुरुवात आजीच्या ओव्यांपासून कर, मग प्रबंध. सिनेमे राहिले तरी चालतील. आजी बरी आहे, पण आता दोन ओव्यांतच तिला दम लागतो. तू दिवाळीत केलेलं रेकॉर्डिंग पुन्हा व्हायचं नाही गं. कॉपी करताना डिस्क अडकायला लागली, तर सारखं बंद-चालू करू नकोस. बंदच ठेव आणि डेटा परत मिळवून देणाऱ्या जाणकाराकडे ने.

पीटर क्रोग नावाच्या छायाचित्रकाराने रूढ केलेला नियम लक्षात ठेव: तीन प्रती, दोन वेगवेगळ्या साधनांवर, एक घराबाहेर. लॅपटॉपवर एक, बाहेरच्या डिस्कवर दुसरी, क्लाउडवर तिसरी. फोल्डर क्लाउडशी नुसता जोडलेला असला, तर इथे पुसलेलं तिथूनही जातं, तेवढ्यावर विसंबू नकोस. आणि काम झालं की डिस्क काढून ठेव. २०१७ च्या वॉनाक्रायसारखा व्हायरस शिरला, तर जोडलेल्या डिस्कलाही कुलूप घालतो.

इकडे पाऊस चांगला आहे. कैरीचं लोणचं मुरलंय, काका येताना आणतील. त्यांच्याबरोबरच नवी डिस्कही पाठवते, पण तोवर थांबू नकोस. मैत्रिणीची माग.

प्रत काढलीस की दुसऱ्या कॉम्प्युटरवर चार फाइली उघडून बघ. १९९८ मध्ये पिक्सारमध्ये 'टॉय स्टोरी २'च्या फाइली चुकून पुसल्या गेल्या, आणि बॅकअप नीट होतच नव्हता हे तेव्हा कळलं. बाळ लहान म्हणून तिथल्या गॅलिन सुसमन घरून काम करायच्या. त्यांच्या घरच्या कॉम्प्युटरवर प्रत होती, म्हणून सिनेमा वाचला. एवढ्या मोठ्या स्टुडिओची ही गत, मग आपण तर जपायलाच हवं.

यापुढे दर रविवारी आजीला फोन करतेस ना, त्याआधी प्रत काढत जा. म्हणजे विसरायची नाहीस. जेवणाची आबाळ करू नकोस, आणि आज रात्री ओव्या सुरक्षित ठेवल्यास की मला कळव. कितीही उशीर होऊ दे, मी जागी आहे.

तुझी,
मावशी